चॅटबॉटने ग्राहकाला चुकीचं सांगितलं तर जबाबदार कोण, आम्ही की सॉफ्टवेअरवाले?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या टूर कंपनीत ग्राहकांना उत्तरं द्यायला चॅटबॉट आणि नोकरीचे अर्ज चाळायला एआय घेताय, आणि काही बिघडलं तर ते सॉफ्टवेअरवाले निस्तरतील असं विक्रेत्याने सांगितलंय. मी छोट्या व्यवसायांचे करार तपासतो. ग्राहकापुढे जबाबदारी तुमचीच राहील.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. आजी वारल्यामुळे विमानाने जाणाऱ्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सांगितलं की आत्ता पूर्ण भाडं भरा, सवलतीसाठी ९० दिवसांत अर्ज करा. प्रत्यक्षात प्रवासानंतर ती सवलत मागताच येत नव्हती, आणि तसं त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला. एक पान खरं आणि दुसरं खोटं हे ग्राहकाने कशावरून ओळखायचं? व्याज-शुल्क धरून भरपाई जेमतेम ८१२ कॅनेडियन डॉलर झाली, पण मुद्दा पक्का झाला. हा निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, तरी ग्राहक आयोगापुढे 'ते मशीन बोललं, आम्ही नाही' या बचावावर मी तरी विसंबणार नाही.

मला जास्त काळजी तुमच्याकडच्या पासपोर्ट आणि आधारच्या प्रतींची वाटते. व्हिसाचा तक्ता पटकन व्हावा म्हणून ऑफिसातलं कुणी त्या प्रती एखाद्या फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकतं आणि मालकाला पत्ताही नसतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, असाच चॅटजीपीटीत टाकला होता. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार काम बाहेरच्या कंपनीकडे दिलं, करारात काहीही लिहून घेतलं, तरी उत्तरदायी तुम्हीच. डेटा जपण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, म्हणून तयारी आत्ताच करा.

भरतीबद्दल थोडक्यात सांगतो. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळणारी एक प्रणाली बनवली होती. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यावर शिकल्यामुळे ती बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागली आणि शेवटी मोडीत काढावी लागली. तुमच्याकडे बाळंतपणामुळे नोकरीत दोन वर्षांचा खंड पडलेली बाई अशीच गळेल, कारणही न कळता. कायदा काय म्हणतो ते राहू द्या, हे मला मुळातच अन्यायाचं वाटतं. नकार माणसानेच द्यावा, अर्ज स्वतः वाचून.

करारावर सही करण्याआधी भरपाईच्या मर्यादेचं कलम शोधा. बहुतेक करारांत विक्रेत्याची जबाबदारी तुम्ही भरलेल्या वर्गणीपुरतीच असते. ती वाढवून मागा, आपला डेटा त्यांचं एआय मॉडेल शिकवायला वापरणार नाही हे लेखी घ्या, आणि परतावा किंवा रद्द करण्याचे प्रश्न आले की चॅटबॉटने संभाषण थेट तुमच्या माणसाकडे सोपवावं अशी सोय करून घ्या.