फौजदार 31 मेला रिटायर होतोय, केसचं काय?

प्रश्न : नमस्कार सर, मी दारव्हा तालुक्यातला, दिवसा शेती अन् रात्री लिखाण. क्राइम कादंबरी लिहायला घेतली आहे, हिरो रिटायरमेंटला आलेला डिटेक्टिव्ह, त्याची शेवटची केस. बरीच पानं झाली पण तो मले आमच्या गावचा वाटतच नाही, अन् रिटायरमेंटही नुसती नावाला आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी डिटेक्टिव्ह काढा. आपल्याकडे गावात प्रेत सापडलं की पोलीस पाटील ठाण्यात कळवतो, ठाणेदार येतात, पंच बोलावून पंचनामा होतो, प्रकरण मोठं असलं तर जिल्ह्याहून एलसीबीची (स्थानिक गुन्हे शाखेची) टीम येते. यात खाजगी डिटेक्टिव्हला ना अटकेचा अधिकार ना जबाब नोंदवायचा. त्यापेक्षा शिपाई म्हणून भरती झालेला, प्रमोशन घेत घेत फौजदार झालेला माणूस घ्या, ज्याला कोणाचं शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) कोणाशी वाकडं आहे हे फाईल न उघडताही माहीत असतं.

आता रिटायरमेंट. ती मनात दाटून येणारी भावना म्हणून लिहू नका, तारीख म्हणून लिहा, सगळी ताकद तिथंच आहे. महाराष्ट्रात पोलीस 58 व्या वर्षी रिटायर होतो, ज्या महिन्यात 58 पूर्ण होतात त्याच्या शेवटच्या दिवशी, पण जन्म 1 तारखेचा असेल तर आधीच्याच महिन्याच्या शेवटी. आणि त्या पिढीत गुरुजींनी शाळेत नाव घालताना 1 जून लावून दिलेली माणसं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या फौजदारालाही तीच जन्मतारीख द्या, म्हणजे तो 31 मेला घरी.

मे महिना तुम्ही माझ्यापेक्षा चांगला लिहाल. विहिरींचा तळ दिसायला लागतो, गाळ काढायला माणसं उतरतात (त्या गाळात काय लागतं ते तुमचं तुम्ही ठरवा), मृगाच्या आत बियाण्याच्या पैशाची सोय लावायची म्हणून जुनी उधारी, जुनी भांडणं सगळी वर येतात. खुनाचं कारण बाहेरून आणायची गरजच नाही.

समजा मेच्या मध्यावर आरोपी पकडला. खुनाच्या केसमध्ये 90 दिवसांत चार्जशीट गेली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि ते 90 दिवस भरतात ऑगस्टमध्ये, तोवर आपला माणूस घरी अन् फाईल दुसऱ्याच्या टेबलावर. पुढे खटला उभा राहतो तेव्हा आणखी एक पेच आहे जो मला फार आवडतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 336 प्रमाणे रिटायर झालेल्या तपास अधिकाऱ्याच्या रिपोर्टवर त्याच्या जागी आलेला अधिकारी कोर्टात साक्ष देतो. म्हणजे पंचनामा याचा, आणि पिंजऱ्यात उभा राहून त्याबद्दल बोलणार तो, ज्याने ती विहीर कधी पाहिली पण नाही! दोघांचं आधीपासून पटत नसेल तर बघा काय होतं.

म्हणून शाल-श्रीफळाचा निरोप समारंभ शेवटच्या पानावर ठेवू नका, पुस्तकाच्या मधोमध टाका. आणि लिहिलेली पानं फाडू नका, आधी फक्त घटनांच्या तारखा एका वहीत ओळीने मांडून घ्या, मग कोणती पानं राहतात ते दिसेल.