संगणक-शंका : तीन सालचा पाऊस, एकच आलेख

प्रश्न : ताई, आमच्या वावरात बाबांनी पर्जन्यमापक लावलेला आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ च्या जून ते ऑक्टोबरच्या रोजच्या नोंदी मी वहीतून एक्सेलमध्ये भरल्या. कॉलेजात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे, म्हणून तिच्यातल्या मॅटप्लॉटलिब या आलेखाच्या साधनाने आलेख काढायला घेतला. पण दर सालाची खिडकी वेगळी उघडते. कशीबशी एकत्र आणली, तर सालं एकापुढे एक लागतात आणि मधले महिने रिकामे. बाबा म्हणतात, "तिन्ही सालचं पानी एकाच कागदावर दाखव मले, खंड कुठं पडला ते पाहू." विहिरीची पातळीही त्यातच दाखवायची आहे.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : खिडक्यांचं आधी. चित्र पडद्यावर दाखवणारी तुझी ‘शो’ ही आज्ञा लूपच्या, म्हणजे दर सालासाठी पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आत बसली असणार. ‘प्लॉट’ कितीही वेळा लिही, रेघा त्याच चौकटीत पडत जातात. ‘शो’ आली की ते चित्र संपलं आणि पुढची रेघ नव्या चित्रात जाते. म्हणून ‘शो’ एकदाच, शेवटी, लूपच्या बाहेर. नवं चित्र उघडणारी ‘फिगर’ आत असेल तर तीही लूपच्या आधी ने.

सालं एकापुढे एक लागतात, कारण आडव्या अक्षावर तू पूर्ण तारीख दिली आहेस. १५ जुलै २०२२ आणि १५ जुलै २०२३ यांत संगणकाच्या लेखी ३६५ दिवसांचं अंतर आहे. प्रत्येक तारखेतून त्याच सालची १ जून वजा कर आणि उरलेले दिवस अक्षावर घे. कोणी म्हणेल, वर्षातला कितवा दिवस तो घ्या; पण २०२४ लीप वर्ष, ७ जून एरवी १५८ वा दिवस, तेव्हा १५९ वा. जूनपासून मोजलं की ही भानगडच उरत नाही.

एवढं करूनही बाबांना खंड दिसायचा नाही. रोजच्या पावसाच्या तीन रेघा एकमेकींवर टाकल्या की नुसती झुडपं माजतात. त्यापेक्षा पांडास या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या साधनातलं ‘कमसम’ वापर आणि हंगामाची चढती बेरीज काढ, दर सालाची वेगळी. मग रेघ जिथे आडवी पडली तो खंड, जिथे उभी चढली ती झड. कपाशीला पातं धरताना कोणत्या सालची रेघ किती दिवस आडवी होती, हे बाबा बोट ठेवून सांगतील. नोंद राहिलेल्या दिवशी मात्र शून्य भरू नकोस, जागा रिकामी ठेव. रेघ तिथे तुटेल, तुटू दे. पाऊस पडला नाही आणि कोणी मोजला नाही, यात फरक आहे. त्या सालची पुढची बेरीज कमी भरू शकते, हेही बाबांना सांग.

विहिरीसाठी ‘ट्विन-एक्स’ने उजवीकडे दुसरा अक्ष काढता येतो. मला तो आवडत नाही. एकीकडे मिलिमीटर, दुसरीकडे फूट; मोजमाप थोडं ताणलं की रेघा हव्या तिथे छेदतात आणि पाहणाऱ्याला त्यात नसलेला अर्थ दिसू लागतो. शिवाय सहा रेघा होतील. ‘सबप्लॉट्स’ने एकाखाली एक दोन चौकटी घे, आडवा अक्ष सामाईक ठेव : वर पाऊस, खाली विहीर. पाणी काठापासून खाली मोजत असाल तर विहिरीचा उभा अक्ष ‘इन्व्हर्ट’ कर, नाहीतर विहीर भरताना रेघ उतरेल.

प्रत्येक ‘प्लॉट’ला ‘लेबल’मध्ये साल दे आणि ‘शो’च्या आधी ‘लेजंड’ (कोणती रेघ कोणत्या सालची, ते सांगणारी सूची) लिही. नुसत्या लेबलने काही दिसत नाही. निळा, नारिंगी, हिरवा हे रंग आपोआप येतात, पण प्रिंट काळी-पांढरीच निघणार असेल तर एक रेघ सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची ठेव.

नावं मराठीत लिहिलीस तर चौकोन उमटतील, कारण मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या डेजाव्हू सॅन्स फाँटमध्ये देवनागरी नाही. संगणकावर मंगल किंवा निर्मला असेल तर ‘आरसीपॅराम्स’ या मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये तो लाव. तरीही ‘ऑक्टोबर’मधलं जोडाक्षर फुटलं किंवा ‘विहीर’ची वेलांटी भलतीकडे गेली, तर वेळ घालवू नकोस. आलेख बिननावाचा जतन कर आणि नावं वर्डमध्ये घाल.