शेवटची गाडी: चालवून बघण्याआधी बसून-उठून बघा

तुम्ही विचारलंय की वय ६७ आहे, बहुधा ही शेवटचीच गाडी, मनात मोठी एसयूव्ही आहे आणि मुलगा म्हणतो छोटी ऑटोमॅटिक घ्या. मी तुमच्याहून वर्षभराने मोठी, निवृत्त शिक्षिका, मुक्काम चिपळूण. आमची जुनी गाडी २२ जुलै २०२१च्या पुरात गेली. पुढच्या वर्षी नवी घ्यायची ठरली तेव्हा 'शेवटची' हा शब्द आमच्या ह्यांनी पहिल्यांदा काढला, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

ह्यांचा डावा गुडघा बदललेला आहे. शोरूममध्ये सेल्समन सनरूफ उघडून दाखवत होता, आणि मी ह्यांना म्हटलं, दहा वेळा आत बसा आणि बाहेर या. बुटक्या सेडानमध्ये ते बसले म्हणण्यापेक्षा पडले. बाहेर यायला माझा हात लागला. मोठ्या एसयूव्हीत उलटी तऱ्हा: आधी पाय वर टाकायचा, मग सगळं अंग त्या एका पायावर उचलायचं. पाचव्या खेपेला ते बाहेरच उभे राहिले. "काकू, टेस्ट ड्राइव्ह घेताय ना?" सेल्समनने विचारलं. म्हटलं, "हीच चाललीय."

सीट साधारण आपल्या कमरेच्या खाली, मांडीच्या वरच्या अंगाला यायला हवी. म्हणजे आधी पाठमोरं टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. वॅगन आरसारख्या उंच डब्याच्या छोट्या गाड्या म्हाताऱ्या माणसांना सोयीच्या वाटतात त्या याचमुळे. टाटा पंचची दारं थेट काटकोनात उघडतात, तेही बघण्यासारखं आहे. दाराच्या वर छताला असलेली धरायची कडी ड्रायव्हरच्या बाजूलाही आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत ती नसते. बेल्टचं लाल बटण आखडलेल्या अंगठ्याने दाबून बघा. आणि एसीला फिरवायचं बटण असू दे. चालत्या गाडीत चष्म्यातून स्क्रीनवर बोट टेकवत बसणं आपल्याला झेपत नाही.

ऑटोमॅटिकबाबत मुलगा बरोबर आहे, पण अर्धाच. लेक कराडला असते, त्यामुळे कुंभार्ली घाट महिन्यातून एकदा ठरलेला. चढावर ट्रकच्या मागे क्लच दाबून दाबून माझाही गुडघा बोलायला लागला होता, ऑटोमॅटिक घेतल्यावर तो त्रास सुटला. पण पहिल्याच आठवड्यात बहादूरशेख नाक्यावर माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर जोरात बसला. मागचा रिक्षावाला वीतभरावर थांबला. "काकू, सांगून तरी थांबा!" चाळीस वर्षांची सवय आहे, ती आठ दिवसांत जात नाही. पहिला महिना डावा पाय सीटखाली मागे ओढून ठेवा, मोकळ्या मैदानात सराव करा, मगच बाजारात न्या. स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक वेळा एएमटी असते, म्हणजे आतला गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं. गिअर बदलताना किंचित मान हलते. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे जाऊ नये म्हणून हिल होल्ड आहे का ते विचारा.

डिझेलचा विचार सोडा. आताच्या बीएस-६ प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला अधूनमधून लांब पल्ल्याची सलग धाव लागते. भाजी, बँक, देऊळ एवढंच फिरणं असेल तर तो तुंबतो.

खर्चाचा हिशेब मी कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी मांडला होता. साडेसात लाखांची गाडी दहा वर्षांनी दीड लाखाला विकली तरी वर्षाला साठ हजार गेले. वर विमा आणि सर्व्हिसिंग. पेट्रोल न घालताच महिना सात हजार. तेवढ्यात आम्ही दोघं रोज रिक्षाने फिरलो असतो. तरी घेतली. लेकीकडे जेवण झाल्यावर जावयाला "जरा सोडता का" म्हणायला जीभ वळत नाही, एवढंच कारण. तुमचं असं काही कारण नसेल तर हिशेबाचं ऐका.

विम्यात इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण जरूर घ्या. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला गेल्यास इंजिनाचं जे नुकसान होतं, ते साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. आरसीवर वारसाचं नावही लावून ठेवा, आता तशी सोय आहे. गाडीची नोंदणी १५ वर्षांची होते. आपलं लायसन्स मात्र पंचावन्ननंतर दर वेळी पाचच वर्षांचं, तेही डॉक्टरच्या दाखल्यावर. मोतीबिंदूनंतर समोरच्या दिव्यांभोवती मला झळाळी दिसायची, तेव्हापासून अंधार पडल्यावर मी किल्ली हातात घेत नाही.

शोरूमला शनिवार-रविवारी जाऊ नका, दहा वेळा बसू-उठू देत नाहीत. आणि रोजच्या चपला घालून जा, लग्नातले बूट नकोत.