आजीची बाग सोबत का जात नाही?

प्रिय चिऊ,

आजी-आजोबा दिवाळीनंतर फ्लॅटमध्ये राहायला जाणार हे कळल्यावर तू विचारलंस, "मग ते बाग का नेत नाहीत? आणि आजी झाडांना नमस्कार कशाला करते?" फोनवर उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून हे पत्र.

फांदी तोडायच्या आधी झाडाला हात लावून नमस्कार करायचा, त्याची परवानगी मागायची, ही आपल्याकडची जुनी रीत. दिवेलागणीनंतर पान-फूल तोडायचं नाही, तेव्हा झाड झोपलेलं असतं, असंही मानतात. या पावसाळ्यात आजीला बऱ्याच फांद्या कापायच्या आहेत, म्हणून नमस्कारही बरेच.

अख्खं मोठं झाड नेता येत नाही, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं खोडाशी नसतात. ती फांद्यांच्या घेरापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. झाड खणून काढलं की ती जमिनीतच तुटून राहतात, पानांतून मात्र पाणी उडतच राहतं, आणि झाड माना टाकतं. म्हणून थोरलं झाड जागेवर ठेवायचं आणि त्याचं पोर सोबत न्यायचं. हे काम पावसाळ्यातच करावं, तेव्हा हवा दमट असते. निघायच्या आठवड्यात केलेली घाई बहुधा वाया जाते.

अनंताला गुटी बांधतात, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू देतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरची अडीच सेंटिमीटर रुंद साल गोलाकार काढायची आणि आतला बुळबुळीत थर सुरीने नीट खरवडायचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: तो थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. मग भिजवून घट्ट पिळलेलं मूठभर शेवाळ त्यावर लावायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं करकचून बांधायची. पाणी गळणारं शेवाळ लावलं तर फांदी सडते. साधारण दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसू लागतात. पहिली पांढरी मुळं दिसताच कापायचं नाही, ती तपकिरी होऊन भरपूर झाली की गुटीच्या खाली कापून कुंडीत लावायची आणि पंधरा दिवस सावलीत ठेवायची.

जास्वंद आणि मोगरा फाट्यांवर, म्हणजे कापून मातीत खोचलेल्या फांद्यांवर येतात. वीतभरापेक्षा थोडा लहान फाटा घ्यायचा, खालचा काप डोळ्याच्या (पान फुटतं त्या जागेच्या) लगेच खाली द्यायचा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची आणि दोन डोळे मातीत जातील असा खोचायचा. नवं पान फुटलं म्हणजे मूळ धरलं असं नाही. फाट्यात साठवलेल्या अन्नावरही पान फुटतं, म्हणून महिनाभर तरी उपटून पाहायचं नाही.

कढीपत्त्याचे फाटे सहज रुजत नाहीत. त्याच्या मुळांतून पिल्लं फुटतात, त्यातलं एक घ्यावं. थोरल्या मुळाशी असलेला त्याचा सांधा आधी कुदळीने तोडायचा आणि पिल्लू तीन आठवडे तिथेच राहू द्यायचं. तेवढ्यात ते स्वतःची मुळं वाढवतं. मग मातीच्या गोळ्यासकट उचलायचं. गोळा फुटू नये म्हणून आदल्या दिवशी पाणी घालायचं आणि उचलताच गोणपाटात बांधायचं.

हळद मात्र तिथेच राहील. जूनमध्ये लावलेली हळद दिवाळीला तयार नसते, पानं पिवळी पडून वाळल्यावरच काढायची असते.

नव्या बाल्कनीत सगळं मावणारही नाही. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट पंधरा-वीस किलो भरते. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर नुसती पानं वाढतात. माझ्या मते मोजकीच झाडं न्यावीत आणि ती नीट जगवावीत.

तुळशीचं लग्न कार्तिकात, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लावतात. ते लावूनच आजी निघेल. वृंदावन घराचं, ते तिथेच राहतं, पण रिकामं ठेवायचं नाही. तुळस दोन-तीन वर्षांत जून होऊन खोडाळते, म्हणून आजी तिच्याच मंजिऱ्यांपासून केलेलं कोवळं रोप त्यात लावून जाणार आहे. येणाऱ्या माणसांसाठी कोणत्या झाडाला कधी आणि किती पाणी, याचा कागदही ती लिहून ठेवणार आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: नव्या माणसांना माहीत नसलं तर झाडं पाण्यावाचून जितकी जातात, तितकीच जास्त पाण्यानेही जातात.

आजीच्या मंजिऱ्या इथे परदेशात आपल्या घरी आणता येणार नाहीत. बियांसोबत कीड आणि बुरशी येऊ शकते, म्हणून बऱ्याच देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी नेऊ देत नाहीत, आणि माती तर नाहीच. आपण इथेच बी घेऊ. पाकिटावर तुळसच लिहिलेली आहे ना, हे बघ. इटालियन बेसिल वेगळं. बी मोहरीपेक्षा बारीक असतं, म्हणून ते खोल पुरायचं नाही, वरून चिमूटभर माती भुरभुरायची. झारीची धार लागली तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, तेव्हा पाणी फवाऱ्यानेच द्यायचं. खोली वीस अंशांपेक्षा उबदार हवी आणि खिडकी उन्हाची. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतील. चार-सहा पानं आली की कुंडीत सगळ्यात दणकट रोप ठेव, बाकीची छोट्या कुंड्यांत लावून तुझ्या मैत्रिणींना दे.

तुझी,
आई