तुमचा अटारी बिघडलेला नाही, बोर्डला हात लावू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. मामेभावाने न्यू जर्सीहून आणलेला लाकडी पट्टीचा अटारी २६०० (टीव्हीला लावायचं जुनं व्हिडीओ गेमचं मशीन), त्याच्याबरोबर आलेली कॉम्बॅटची कॅसेट लावली की चित्र सारखं वर वर सरकतं, इंग्लंडच्या विक्रेत्याकडून मागवलेली स्पेस इनव्हेडर्स लावली की चित्र जागेवर थांबतं, दोन्हीत रंग नाही, आवाजाच्या नावाने नुसती खरखर, आणि आता सर्व्हिस सेंटरवाला म्हणतोय की बोर्ड गेलाय, मशीन ठेवून जा, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) करून देतो. ठेवू नका. आज संध्याकाळी द्यायला जाणार असाल तर जाऊच नका.

आधीच सांगते, मी इंजिनिअर वगैरे नाही, कॉमर्सवाली आहे, त्यामुळे कुणी जाणकार असेल तर चूक दुरुस्त करा. पण आमच्याकडे थोरल्या दिरांनी अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून असाच चार स्विचचा अटारी आणला होता आणि अगदी हाच प्रकार झाला होता, त्यामुळे हा विषय नाइलाजाने पाठ झालाय.

तुमची जी लक्षणं आहेत ना, ती बिघाडाची नाहीतच. उलट मशीन ठणठणीत असल्याचा तो पुरावा आहे, कारण बोर्ड गेला असता तर दोन कॅसेटी दोन वेगळ्या तऱ्हेने वागल्या नसत्या. हे कळायला त्या काळी ही यंत्रं बनली कशी ते थोडं माहीत पाहिजे. राल्फ बेअर हा मुळात टीव्हीचा माणूस, १९६६ मध्ये त्याच्या डोक्यात आलं की लोकांच्या घरात टीव्ही आहेच तर त्याच्यावर खेळता का येऊ नये, आणि त्यातून १९७२ ला मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे गेमचं मशीन आलं. त्यात ना प्रोसेसर ना आवाज, स्कोअरसुद्धा आपणच कागदावर लिहायचा, मैदान हवं असेल तर टीव्हीच्या काचेवर प्लास्टिकचा रंगीत पडदा चिकटवायचा. सोबत जी कार्डं यायची त्यात गेम भरलेला नसायचाच, कार्ड घातलं की आतली जोडणी बदलायची, एवढंच. म्हणजे अर्धं यंत्र टीव्हीतच होतं म्हणा ना. त्याच वर्षी अटारीचा पाँग (पडद्यावरचं टेबल टेनिस) आला, अल अल्कॉर्नने बनवलेला, पुढे जनरल इन्स्ट्रुमेंटने अख्खा पाँग एका चिपमध्ये घालून १९७६ ला बाजारात आणला आणि गल्लोगल्लीच्या कंपन्या पाँग विकायला लागल्या. त्या चिपच्याही पाल देशांसाठी आणि अमेरिकेसाठी अशा दोन वेगळ्या आवृत्त्या होत्या, हे लक्षात ठेवा. मग त्याच वर्षी जेरी लॉसनच्या टीमचं फेअरचाइल्ड चॅनल एफ, त्यात पहिल्यांदा प्रोसेसर आणि खरोखर गेम भरलेल्या कॅसेटी. आणि १९७७ ला तुमचं मशीन.

आता खरी गंमत. २६०० मध्ये रॅम आहे १२८ बाइट. किलोबाइट नाही, नुसते बाइट. त्याच्या पडद्यावर आडवे १६० ठिपके आणि उभ्या साधारण १९२ रेषा, नुसतं काळं-पांढरं धरलं तरी एका चित्राला ३८४० बाइट लागतात, ते आणायचे कुठून? त्या काळी मेमरी महाग. म्हणून त्यांनी चित्र साठवायचंच नाही असं ठरवलं. टीव्हीतला किरण एकेक रेष ओढत खाली येतो, त्याच्याबरोबर पळत पळत गेमचा प्रोग्राम प्रत्येक रेषेचं चित्र आयत्या वेळी टीआयएला सांगतो. टीआयए म्हणजे चित्र आणि आवाज काढणारी चिप, जे मायनर नावाच्या इंजिनिअरने बनवलेली, ज्याने नंतर अमिगा कॉम्प्युटर केला तोच. एका रेषेला प्रोसेसरच्या हाती फक्त ७६ सायकल. एक चित्र संपलं, दुसरं सुरू करा, हा इशारासुद्धा चिप आपणहून देत नाही, कॅसेटमधला प्रोग्राम रेषा मोजून देतो. अमेरिकन कॅसेट २६२ रेषा मोजते, युरोपची पाल कॅसेट ३१२.

आता तुमचं कोडं सोडवा. मशीन अमेरिकेचं, त्याच्या रेषा सेकंदाला साधारण १५,७०० पडतात. कॉम्बॅट अमेरिकन, २६२ ने भागा, साधारण ६० चित्रं होतात. तुमचा जुना डबा टीव्ही ५० ची सवय असलेला, त्याला ६० झेपत नाही म्हणून चित्र सरकतं. स्पेस इनव्हेडर्स इंग्लंडची, ३१२ ने भागा, ५० च्या आसपास येतं, टीव्ही खूश, चित्र थांबलं. रंग कुठल्याच कॅसेटला येणार नाही कारण रंग कॅसेटमधून येत नाही, तो मशीनमधून ३.५८ मेगाहर्ट्झवर निघतो आणि आपला पाल टीव्ही ४.४३ वर शोधत बसतो. आवाजाचंही तेच, अमेरिकन पद्धतीत आवाज चित्राच्या ४.५ मेगाहर्ट्झ पुढे असतो, आपल्याकडे ५.५. संपला विषय. यात बोर्ड कुठे गेला सांगा बरं.

आता ते पाल करून देणं. आमच्या शहरातल्या एका नावाजलेल्या सेंटरने (नाव घेणार नाही, वाद नकोत) अगदी हेच शब्द वापरले होते. तिथली दुकानाची पाटी चकचकीत, एसी काउंटर, टोकन नंबर, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांना वाटलं की माणसं पोचलेली असणार. त्यांनी काय केलं तर बोर्डावरचा क्रिस्टल (मशीनला ठराविक वेगाने ठोके देणारा भाग) काढला आणि पाल टीव्हीतला ४.४३ चा क्रिस्टल लावून दिला. म्हणजे रंगाचा आकडा टीव्हीला हवा तो दिला की रंग येणार, असा त्यांचा हिशोब. पण अटारीत त्या एकाच क्रिस्टलवर सगळं चालतं, रंग, रेषा, प्रोसेसर, सगळं. ४.४३ मेगाहर्ट्झला २२८ ने भागा (एका रेषेला क्रिस्टलचे २२८ ठोके लागतात), रेषा सेकंदाला १९,४०० च्या वर जातात. टीव्हीला हव्यात १५,६२५. कुठला टीव्ही ते पकडणार? आधी निदान सरकणारं का होईना चित्र होतं, आता पडद्यावर तिरप्या फाटलेल्या पट्ट्या.

इथे थांबले असते तरी चाललं असतं, जुना क्रिस्टल परत लावता आला असता. पण मग ते म्हणाले चिप गेली असणार, आणि आमच्या परवानगीशिवाय टीआयए सॉकेटमधून उपटून पुन्हा बसवली. अटारीत टीआयए आणि शेजारची रायट (रॅम असलेली चिप) दोन्ही चाळीस पायांच्या, दिसायला सारख्या, एका टोकाला अर्धगोल खाच असते तिच्यावरून दिशा कळते. मशीन घरी आल्यावर मी पत्र्याचं झाकण काढून बघितलं तर टीआयएची खाच शेजारच्या चिपच्या बरोबर उलट बाजूला, एक पाय सॉकेटच्या बाहेर दुमडलेला, आणि क्रिस्टलच्या जागी डाग देताना इतकी उष्णता दिलेली की बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक सालासारखा उचकटून वर आलेला. आणि जॉब कार्डवर काय लिहिलंय? ‘टेस्टेड ओके’. विचारायला गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली इंजिनिअर रजेवर आहेत, मॅनेजर म्हणाले जुन्या मालाला गॅरंटी नसते, आणि तपासणीचे पैसे मात्र आधीच घेतलेले. लेखी तक्रार दिली, तिची पोच मागितली तर पोच देत नाही म्हणाले. कित्येक महिने हेच. शेवटी दिरांनी तिकडून एक मेलेलं मशीन फक्त चिपसाठी शोधून पाठवलं, टीआयए आता कुणी बनवत नाही ना, मेलेल्या मशीनमधूनच काढावी लागते. त्यावर सी०१०४४४ हा नंबर असतो, पालवाल्या टीआयएचा नंबर वेगळा, विकत घेताना फोटो मागा. पुढचा राग गिळते, नाहीतर ही पोस्ट त्या सेंटरवरच जायची.

तर काय करायचं. पहिली गोष्ट फुकटची आहे. मशीनच्या मागे चॅनलचा छोटा स्विच असतो, २ आणि ३. तुमचा बहुतेक ३ वर असेल, तो २ वर करा. अमेरिकेचं चॅनल २ म्हणजे ५५.२५ मेगाहर्ट्झ आणि आपल्याकडच्या व्हीएचएफचं चॅनल ३ सुद्धा बरोबर ५५.२५ च. अमेरिकेचं ३ ठेवलंत तर ते ६१.२५, आपलं जवळचं ६२.२५, म्हणून फाइन ट्यूनिंग करत बसावं लागतं आणि मुंग्या राहतातच. जुन्या टीव्हीला मागे व्ही-होल्डचा (सरकणारं चित्र थांबवायचा) नॉब असेल तर तो हळू फिरवून कॉम्बॅटही थांबेल, काळीपांढरी थांबेल.

रंग आणि आवाज पाहिजे तर माझ्या मते एकच सरळ मार्ग, मल्टिसिस्टिम टीव्ही, म्हणजे पाल आणि अमेरिकन एनटीएससी दोन्ही पद्धती चालणारा. नव्वदच्या दशकात दुबई, मस्कतहून लोक जे सोनी ट्रिनिट्रॉन आणायचे ना, ते. रत्नागिरी, चिपळूणकडे आखातातून परतलेल्यांच्या घरात अजून माळ्यावर पडलेले सापडतात, नाहीतर पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार. घेताना मेनू उघडून बघा, कलर सिस्टिममध्ये एनटीएससी ३.५८ आणि साउंड सिस्टिममध्ये एम (अमेरिकन आवाज) हे दोन्ही पाहिजेत, नुसतं एनटीएससी लिहिलंय म्हणून घेऊ नका, काहींमध्ये ते फक्त व्हीसीआरच्या ४.४३ साठी असतं. दुसरा मार्ग म्हणजे छोटा कॉम्पोझिट बोर्ड (चॅनलऐवजी सरळ एव्ही तारेने चित्र देणारा) बसवून नव्या एलसीडीच्या एव्ही इनपुटला लावायचा, बहुतेक नवे टीव्ही एनटीएससी घेतात. पण ते सोल्डरिंग ज्याने आधी अटारी उघडलाय त्याच्याकडूनच करून घ्या, आणि समोर बसून. मला स्वतःला डबा टीव्हीच आवडतो, एलसीडीवर ते चौकोन फारच कोरडे दिसतात, हे माझं मत, भांडू नका.

कुणीतरी खाली लिहिलंय की आमचा लहानपणचा मीडिया कंपनीचा व्हिडीओ गेम तर कुठल्याही टीव्हीला लागायचा, मग हा का नाही. अहो ती निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम १९८३ चं, त्यात रेषा चिप मोजते, कॅसेट नाही, आणि पाल देशांत विकलेल्या नकला पाल टीव्हीसाठीच बनवलेल्या, म्हणून लागायच्या. खरा जपानी फॅमिकॉम आणलात तर तुम्हालाही हाच त्रास. आणि त्याची बंदूक एलसीडीवर चालत नाही हेही सांगून ठेवते, नंतर बंदूक बिघडली म्हणून कुणी ती उघडायला नेईल.

कॅसेटचे पाय साफ करायला कानातली काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, पॉलिश पेपर अजिबात नको, फुंकर मारायची सवयही सोडा. ई.टी. या गेमची कॅसेट ऐतिहासिक म्हणून महाग विकतात त्याला भुलू नका. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डोला अटारीने ई.टी.सकट माल पुरला आणि २०१४ ला तो उकरून काढला हे खरं, पण ई.टी. ढिगाने विकली गेली होती, साधी कॅसेट आजही स्वस्तात मिळते. त्या पैशात पिटफॉल हा गेम घ्या.

आणि एक, अडॅप्टर. तुम्ही स्टेपडाउन (२३० व्होल्टचे ११० करणारा डबा) लावलाय असं लिहिलंय ते बरं केलंत, पण घरातल्या कुणी ‘पिन तर बसतेय’ म्हणून तो अमेरिकन अडॅप्टर थेट २३० ला लावला तर मशीनआधी तोच जळेल. इथला ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलीअँपचा घेऊन टाका, साडेतीन मिलिमीटरची हेडफोनसारखी पिन, टोकाला प्लस. दुकानदार मल्टिपिनवाला देईल, त्यात प्लस-मायनस उलटं करायची सोय असते, लावायच्या आधी मीटरने बघून घ्या. चॅनल २ वर करून काय झालं ते इथेच कळवा, आणि झाकण उघडलंत तर चिपवरच्या नंबरांचा फोटो टाका.