वाचकांचे प्रश्न : ब्लड कल्चरचा रिपोर्ट लवकर कसा मिळेल?

प्रश्न : वडील सेप्सिसमुळे (संसर्गाने अवयव कोलमडू लागल्यामुळे) आयसीयूत आहेत. ब्लड कल्चरसाठी (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहायला) दोन्ही हातांतून मिळून चार बाटल्या रक्त घेतलं आणि रिपोर्टला तीन दिवस लागतील म्हणाले. तासाभरात जंतू आणि त्याचा रेझिस्टन्स (तो कोणत्या औषधांना दाद देत नाही ते) सांगणारं मशीन आलंय ना? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आलंय. पण तो तास बहुतेक मशीनांत बाटलीत जंतू वाढल्यावर सुरू होतो, हे कुणी सांगत नाही. सेप्सिस झालेल्या मोठ्या माणसाच्या १ मिली रक्तात कित्येकदा एखाददुसराच जंतू असतो. थेट रक्तात त्याचा डीएनए शोधायचा, तर रुग्णाच्या स्वतःच्या डीएनएच्या ढिगाऱ्यात तो हरवतो. म्हणून आधी बाटलीत वाढवायचा. जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बुडाशी असलेला सेन्सर टिपतो आणि मशीन बीप देतं. खऱ्या संसर्गात ती बहुतेकदा ४८ तासांच्या आत येते.

रक्त जास्त घेतात तेही याचसाठी. बाटलीमागे ८ ते १० मिली, चार बाटल्यांचे साधारण ४० मिली. रक्तदानाची पिशवी ३५० मिलीची असते, तेव्हा घाबरू नका. बाटलीत ३ मिलीच घातलं, तर जंतू नेमका सिरिंजबाहेर राहायचा आणि रिपोर्ट यायचा ‘नो ग्रोथ’. दोन हात कशाला? कातडीवरचा साधा स्टॅफिलोकोकस जंतू (ऑरियस जातीचा नव्हे) चारांपैकी एकाच बाटलीत उगवला, तर तो बहुधा सुईबरोबर आलेला असतो. दोन्ही हातांच्या बाटल्यांत आला, तर मात्र दुर्लक्ष करता येत नाही.

प्रश्न : रात्री लॅब बंद असते. बाटल्या सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवल्या तर? – वॉर्डातील एक सिस्टर, लातूर

उत्तर : फ्रिजमध्ये अजिबात नको, काही जंतू थंडीत मरतात. साध्या खोलीत ठेवा. घाईनं दुसऱ्या इन्क्युबेटरमध्येही टाकू नका. तिथेच वाढ उरकली, तर मशीनला चढता आलेख दिसत नाही आणि जंतूंनी भरलेली बाटली निगेटिव्ह ठरू शकते.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये पीसीआर (जंतूचा डीएनए ओळखणारं मशीन) नाही. बाटली पॉझिटिव्ह आली की आज सबकल्चर (जंतू प्लेटवर पुन्हा वाढवणं), उद्या सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडतं ते पाहणं), परवा रिपोर्ट. हे कमी होईल का? – लॅब टेक्निशियन, जिल्ह्याचे ठिकाण

उत्तर : होईल, आणि नवं मशीन न घेता. सेन्सिटिव्हिटीचे निकष ठरवणाऱ्या युरोपातल्या युकास्ट समितीने २०१८ मध्ये ‘रास्ट’ ही डिस्क (औषध भरलेल्या कागदी चकत्या) पद्धत आणली. सकाळी १० ला बीप आली, तर त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन करता येतो.

आधी ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करा. दोन प्रकारचे जंतू दिसले, तर ही पद्धत तिथेच सोडा. एकच प्रकार असेल, तर बाटली नीट हलवून १२५ मायक्रोलिटर (२५ इकडेतिकडे चालेल) थेट म्युलर-हिंटन आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर टाका आणि तीन दिशांनी पसरवा. मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) जुळवायचं नाही, पातळ करायचं नाही. डिस्क लावून प्लेट लगेच ३५ अंशांवर ठेवा. ४, ६ आणि ८ तासांनी वाचा. वाचताना प्लेट दहा मिनिटांपेक्षा जास्त बाहेर नको, वाढ मंदावते. झाकण काढून, प्लेट थोडी तिरकी धरून झोन (डिस्कभोवतीचं जंतू न उगवलेलं वर्तुळ) मोजा. चार तासांची वाढ धुक्यासारखी पुसट असते. काठ ठरवता येत नसेल, तर मोजूच नका, पुढच्या वेळेला पाहा. स्यूडोमोनास हा जंतू सावकाश वाढतो, त्याच्यासाठी चार तासांच्या वाचनाचा आग्रह धरू नये.

घोटाळा होतो तो झोनचा अर्थ सांगणाऱ्या तक्त्यात. प्रत्येक जंतूचे आणि प्रत्येक वेळेचे आकडे वेगळे आहेत. रात्रभराच्या प्लेटचा भिंतीवर चिकटवलेला तक्ता इथे लावला, तर रिपोर्ट चुकलाच म्हणून समजा. म्हणजे जंतूची ओळखही त्याच दिवशी हवी. माल्डी-टॉफ (जंतू झटपट ओळखणारं मशीन) नसेल, तर झोन मोजून लिहून ठेवा आणि ओळख पटल्यावर अर्थ लावा. झोन तक्त्यातल्या अनिश्चित पट्ट्यात पडला, तर ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘रेझिस्टंट’ काहीच कळवू नका. मोह होतो, पण थांबा. शुद्धता पाहायला नेहमीचं सबकल्चर सोबत लावायचंच.

प्रश्न : रिपोर्टात ‘कार्बापेनेमेज जीन (कार्बापेनेम औषधं तोडणाऱ्या एन्झाइमचा जीन) आढळला नाही’ असं आहे. म्हणजे त्याच गटातलं मेरोपेनेम चालेल? – निवासी डॉक्टर, पुणे

उत्तर : त्यावरून ठरवू नका. अशा तपासणी संचात सहसा केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८ एवढेच जीन शोधतात. जंतूने बाहेरच्या आवरणातली पोरिनची दारं बंद केली असतील, तर जीन नसूनही औषध आत शिरत नाही. सेन्सिटिव्हिटीची वाट पाहायलाच हवी. जीन सापडला, तर मात्र लगेच हालचाल करा आणि कोणता ते पाहा. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ जातीचे जास्त. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम हे जोड-औषध ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही. तिथे जोडीला अॅझ्ट्रिओनाम लागतं: एनडीएम त्याला तोडत नाही आणि जे इतर एन्झाइम तोडतात त्यांना अविबॅक्टम अडवतं. आणि कोलिस्टिन या औषधाची डिस्क लावून ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं आलं, तर रिपोर्ट परत पाठवा. तो मोठा रेणू आगरमध्ये धड पसरत नाही, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसारखी (औषधाच्या कमीजास्त मात्रा घातलेल्या द्रवात जंतू वाढवून पाहायची) पद्धत लागते.