इंग्लंडमध्ये घरचा नळ बदलताना पुश-फिट, म्हणजे पाईप नुसता आत दाबून बसवायचे, जोड वापरले तर भरवशाचे असतात का?

असतात. पाईप नीट कापला असेल तर.

लेस्टरच्या आमच्या घरात ओट्याचा नळ मी स्वतः बदलला तेव्हा बाबा कोल्हापूरहून आलेले होते. त्यांनी उभी हयात जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाईपला आटे पाडले, सुतळी गुंडाळून सफेदा लावला. मी तांब्याचा 15 मिमीचा पाईप नुसता जोडात दाबला, तसे ते म्हणाले, "आटे नाहीत तो जोड कसला?"

दुसऱ्या रात्री सिंकखालचं कपाट ओलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत, बादली आणून ठेवली. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळी स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणारं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह, बंद केला, जोडाच्या तोंडाची कॉलर दाबून धरत पाईप ओढून काढला. आतल्या ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगला, चीर पडली होती. पाईप मी करवतीने कापला होता आणि कडेची कुस घासली नव्हती. आत जाताना तिनेच रबर कापलं. नवा जोड आणला. पाईपभोवती फिरणाऱ्या कटरने सरळ कापलं, कड घासून गुळगुळीत केली, जोडाच्या खोलीइतक्या अंतरावर, म्हणजे आमच्याकडे साधारण 25 मिमीवर, पेन्सिलने खूण केली. पाईप खुणेपर्यंत दाबला, मग जोर लावून ओढून पाहिला. चार वर्षं झाली, थेंब नाही.

बाबा अजून म्हणतात, "नशीब तुझं." नशीब कसलं! जीआयमध्ये पाणी आटेच अडवतात, तिथे त्यांचं खरं. पण इथल्या कॉम्प्रेशन जोडात, म्हणजे नट आवळून बसवायच्या जोडात, पाणी अडवते ती ऑलिव्ह नावाची पितळेची रिंग, आटे फक्त तिला आवळतात. नळाच्या नटातही काम वॉशरचंच. मग एका रबरी रिंगवरच एवढा अविश्वास का? चूक माझ्या करवतीची होती, जोडाची नव्हे, आणि हे मी त्यांना त्याच सकाळी चिरलेली रिंग हातात देऊन सांगितलं होतं.

हो, क्रोम चढवलेल्या पाईपवर हे जोड लावू नका, पाईप धरून ठेवणारे जोडातले दात त्यावर पकडत नाहीत. जुन्या घरातला पाईप अर्धा इंची असेल तर कॉम्प्रेशनच घ्या. प्लास्टिकच्या पाईपला आत इन्सर्ट, म्हणजे आधाराची छोटी नळी, घालायला विसरू नका. घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला विचारा. आणि दोन-तीन रात्री जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. पाणी झिरपत असेल तर डाग लगेच दिसतो.